जुन्या गाडीचे मायलेज: आठव्या महिन्याची नोंद

माझी गाडी म्हणजे वीस वर्षांहून जुनी, १३०० सीसीच्या पेट्रोल इंजिनाची, फ्युएल इंजेक्शन असलेली हॅचबॅक. मायलेज वाढवण्याचे काम हाती घेतले तेव्हा ती एका लिटरला १३.८ किलोमीटर देत होती आणि गेल्या तीन टाक्यांची सरासरी १६.४ भरली आहे. या वाढीतला फार मोठा वाटा नव्याने बसवलेल्या कोणत्याही वस्तूचा नसून, गाडी कारखान्यातून निघाली तेव्हा जशी होती त्या स्थितीला तिला परत नेण्याचा आहे, हे आधीच सांगितलेले बरे.

मोजमापाची पद्धत मी पहिल्या दिवसापासून बदललेली नाही. टाकी फुल करताना नोझल पहिल्यांदा बंद पडले की थांबायचे, वरून थेंबभरही पेट्रोल घालायचे नाही, आणि एका टाकीच्या आकड्यावर विश्वास न ठेवता सलग तीन टाक्यांची सरासरी धरायची. काहीही न बदलता दोन टाक्यांमध्ये ०.४ किलोमीटरचा फरक पडलेला मी पाहिला आहे, त्यामुळे त्याहून लहान सुधारणा मी सुधारणा म्हणून लिहीत नाही. जोडीला एक दुसरी चाचणीही ठेवली आहे. सपाट, रिकाम्या रस्त्यावर ताशी ६० किलोमीटरला गाडी न्यूट्रलमध्ये टाकायची आणि वेग ४० वर यायला किती सेकंद लागतात ते मोजायचे, मग तेच उलट दिशेने करून दोन्हींची सरासरी काढायची. या चाचणीत इंजिनाचा संबंध येत नाही. ब्रेक, बेअरिंग, टायर आणि वारा मिळून गाडीला किती अडवतात एवढेच कळते. दोष इंजिनात आहे की चाकांत, हे ओळखायला याहून सोपी युक्ती मला सापडलेली नाही.

पहिला दोष इंजिनातच निघाला. मोकळ्या रस्त्यावर तापमानाचा काटा मध्यावर न राहता हळूहळू खाली सरकत असे, आणि ‘इंजिन थंड चालते, चांगलेच आहे’ असे समजून मी त्याकडे कितीतरी दिवस दुर्लक्ष केले होते. प्रत्यक्षात ते मुळीच चांगले नसते, कारण कूलंटचे, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचे, तापमान मोजणारा सेन्सर इंजिन अजून गरम झालेले नाही असे सांगत राहतो आणि इंजिनाचा संगणक त्यानुसार जास्तीचे पेट्रोल सोडत राहतो. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत कूलंटला रेडिएटरकडे जाऊ न देणारा झडपेचा भाग, काढून हातात घेतला तेव्हा तो थंड असूनही झडप किंचित उघडी होती. तिच्या कडेला गंजाची एक खपली अडकली होती आणि फटीतून पलीकडचा उजेड दिसत होता. नवा थर्मोस्टॅट बसवण्यापूर्वी तो पातेल्यातल्या पाण्यात दोऱ्याने टांगून, शेजारी थर्मामीटर धरून तापवला. त्यावर ८८ अंश असा आकडा कोरलेला होता आणि झडप त्याच सुमारास हलू लागली. आतले मेण वितळून फुगते आणि दांड्याला ढकलते, ही क्रिया एकदा डोळ्यांनी पाहावी अशी आहे. बसवताना हवा निघून जाण्याचे छोटे छिद्र वरच्या बाजूला आणले. पुढच्या तीन टाक्यांची सरासरी १५.१ आली आणि स्पार्क प्लगवर धरणारी कोरडी काळी काजळीही थांबली.

दुसरा दोष न्यूट्रलच्या चाचणीने पकडला. वेग ६० वरून ४० वर यायला फक्त २३ सेकंद लागत होते. ब्रेक न वापरता काही किलोमीटर चालवून चाकांजवळ हात नेला, तेव्हा पुढचे डावे चाक उजव्यापेक्षा स्पष्टपणे गरम लागले. कॅलिपरची, म्हणजे ब्रेकचे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाची, सरकती पिन गंजून जाम झाली होती, त्यामुळे पॅड डिस्कवर सतत घासत होता. पिना स्वच्छ करून त्यांना ब्रेकसाठीचेच ग्रीस लावले आणि रबरी टोप्या बदलल्या. साधे ग्रीस वापरल्यास रबर फुगते, म्हणून ते टाळावे. त्यानंतर तोच वेग उतरायला २७ सेकंद लागू लागले आणि सरासरी १६ वर गेली.

टायरमध्ये हवा आता दाराच्या पट्टीवर लिहिलेल्या आकड्यापेक्षा २ पीएसआय जास्त असते, ती टायर थंड असतानाच तपासतो, आणि पुढच्या चाकांचे अलाइनमेंटही करून घेतले. एअर फिल्टर बदलल्याने काहीही फरक पडला नाही. इंजेक्शनच्या गाडीत जेवढी हवा आत येते तेवढेच पेट्रोल मोजून सोडले जाते, त्यामुळे ते अपेक्षितच होते. कार्ब्युरेटरच्या, म्हणजे हवेच्या ओढीनेच पेट्रोल मिसळणाऱ्या जुन्या पद्धतीच्या, गाडीत मात्र तुंबलेला फिल्टर मिश्रण बिघडवू शकतो.

वाऱ्याच्या बाबतीत समाधानकारक काम अजून झालेले नाही. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे १०० ऐवजी ८० ने चालवले तर तो ३६ टक्क्यांनी कमी होतो, आणि एवढी घट देणारा कोणताही पत्रा मी बनवू शकणार नाही. तरीही छतावरचा कॅरियर काढला, गाडीच्या पुढच्या बाजूच्या खालच्या जाळीचा अर्धा भाग पोकळ प्लास्टिकच्या शीटने झाकला आणि रेडिएटरचा पंखा पूर्वीपेक्षा जास्त वेळा चालू होत नाही याची खात्री करून घेतली. इंजिनाखाली त्याच शीटची झाकणी लावली होती, पण दुसऱ्याच आठवड्यात ती मागच्या कडेने लोंबू लागली आणि एक्झॉस्टच्या पाइपाला टेकून वितळली. वास येताच गाडी थांबवली म्हणून पुढचा अनर्थ टळला. एक्झॉस्टजवळ प्लास्टिक वापरण्याची ती चूक कोणीही करू नये.

चालवण्याच्या पद्धतीत एकच सवय जाणीवपूर्वक बदलली. पुढे सिग्नल लाल दिसला की लगेच ॲक्सिलरेटर सोडतो आणि गाडी गियरमध्येच ठेवतो. इंजिन गरम असून पुरेसे फिरत असेल तर अशा वेळी इंजेक्टर पेट्रोल पूर्ण बंद करतात, तर न्यूट्रलमध्ये आयडलिंगसाठी ते लागतच राहते. उतारावर इंजिन बंद करण्याचा सल्ला काही जण देतात, पण त्यात ब्रेकचा बूस्टर आणि पॉवर स्टिअरिंग दोन्हींची मदत जाते, म्हणून तो प्रयोग मी करणार नाही.

नवी झाकणी पातळ ॲल्युमिनियमची कापून ठेवली आहे. ऑइल काढण्याच्या बोल्टखाली हात जाईल एवढे भोक पाडले असून, एक्झॉस्टपासून चार बोटे अंतर राहील असे धातूचे ब्रॅकेट बनवणे बाकी आहे. ती बसली की दोन्ही दिशांची न्यूट्रल चाचणी झाकणीसह, झाकणीविना आणि पुन्हा झाकणीसह अशी एकाच सकाळी, वारा पडलेला असताना घेईन आणि सेकंदांचे आकडे पुढच्या नोंदीत देईन.