पलंगाखालची फिरकी

कानातल्याची फिरकी पलंगाखाली गेली म्हणून जमिनीवर बसले. फिरकी सापडली, पण उठता येईना. गुडघे दुखत नव्हते, चक्कर नव्हती. मांड्यांत जोरच नव्हता. शेवटी पलंगाची कड धरून कशीबशी उठले. तेव्हा मी 62 वर्षांची होते आणि रोज पाऊण तास चालत होते. त्या चालण्याचा मला गर्वच होता म्हणा ना.

डॉक्टरांनी हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी सांगितली. खुब्याचा टी-स्कोअर, म्हणजे तरुण निरोगी हाडांच्या तुलनेतला आकडा, आला उणे 2.1. उणे 2.5 किंवा त्याहून खाली गेला की ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याचा आजार. मी उंबरठ्यावर होते. पाळी गेली की इस्ट्रोजेन हे संप्रेरक घटतं आणि पहिली काही वर्षं हाडांची झीज झपाट्याने होते. माझी पाळी जाऊन बारा वर्षं झाली होती, म्हणजे बरंचसं नुकसान माझ्या नकळत होऊन गेलं होतं. ड जीवनसत्त्वही कमी निघालं. त्याच्या गोळ्या सुरू झाल्या, तो भाग सोपा.

फिजिओथेरपिस्ट माझ्या मुलीच्या वयाची. तिने हात छातीशी बांधून खुर्चीतून तीस सेकंदांत जितक्या वेळा जमेल तितक्या वेळा उठा-बसायला सांगितलं. माझ्या वयाला निदान बारा हवे होते, माझे आठ झाले. ‘‘काकू, चालणं सोडू नका. पण स्नायूंना ओझं मिळाल्याशिवाय ते वाढत नाहीत आणि हाडांनाही ते लागतं,’’ ती म्हणाली.

मग आठवड्यातून दोनदा खुर्चीतून उठणं, भिंतीला हात टेकून जोर, टाचा उचलणं, दोन्ही हातांत वजनं घेऊन चालणं. ओट्याशी उभी राहून एका पायावर तोल सांभाळणं मात्र रोज. पहिल्या महिन्यात गुडघे ठणकले. मी गुडघे आत वळवून, पाठ ताठ ठेवून उठत होते. ‘‘पावलं मागे घ्या, नाक पायाच्या बोटांवर येईपर्यंत पुढे झुका, मग उठा.’’ एवढ्यानेच निम्मा त्रास गेला.

एक गोष्ट सांगायला मी दोन आठवडे लाजले. वजन उचलताना थेंबभर लघवी व्हायची. तिला त्यात काहीच नवल वाटलं नाही. श्वास रोखून उचलू नका, उठताना श्वास सोडा, आणि ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळून सोडायचा सराव करा, म्हणाली. दोन-तीन महिन्यांत बराच फरक पडला. वयाचा भाग म्हणून किती जणी हे मुकाट्याने सोसत असतील!

खाण्याचा हिशेबही निघाला. माझं वजन 58 किलो. किलोमागे 1 ते 1.2 ग्रॅम प्रथिनं धरली तर साधारण 58 ते 70 ग्रॅम व्हायला हवी होती. तीन दिवस सगळं लिहून काढलं, तर जेमतेम 35. सगळ्यांना वाढून झाल्यावर उरेल ते खायची सवय, दुसरं काय.

मध्ये लग्नघाईत तीन आठवडे सगळं सुटलं आणि पुन्हा सुरू करताना अर्ध्या वजनावर यावं लागलं. चिडचिड झाली खूप.

दोन वर्षांनी डेक्सा पुन्हा केली. उणे 2.0. मी पेढे वाटायच्या बेतात होते. डॉक्टर म्हणाल्या, एवढा फरक मोजमापातलाही असू शकतो, पण घसरण थांबली हेच मोठं. खुर्चीतून उठणं मात्र चौदावर गेलंय, आणि त्यात मोजमापाची चूक नाही.

परवा फिरकी पुन्हा पलंगाखाली गेली. जमिनीवर बसले, वाकून हात घातला, मग एक पाय पुढे घेऊन कशालाही न धरता उठले. इतकी खूश झाले की फिरकी खालीच राहिली. पुन्हा बसले.