कपाळावरच्या आठ्या आणि क्रीमवर जाणारे पैसे

आरशासमोर उभं राहून भुवया वर करा, कपाळावर आडव्या रेषा येतील. आता चेहरा सैल सोडा. रेषा गेल्या तर त्या अजून फक्त हालचालीच्या आहेत, राहिल्या तर कातडीत बसल्यात. कुठला उपाय चालेल ते बरंचसं इथेच कळतं, पण पार्लरमध्ये हे कोणी बघत नाही, सरळ फेशियलचं पॅकेज हातात देतात आणि आमच्याकडच्या बायका घरखर्चातून वाचवलेले पैसे त्यात घालतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

कपाळात फ्रंटॅलिस नावाचा स्नायू असतो, तो भुवया वर ओढतो आणि वरची कातडी दुमडते. तरुणपणी कातडीला घट्ट आणि लवचिक ठेवणारी कोलाजेन आणि इलास्टिन ही प्रथिनं भरपूर असल्यामुळे ती परत सपाट होते, वय वाढतं तशी ही ताकद कमी होते. सिगरेटने ते लवकर होतं आणि उन्हाने तर फारच लवकर, उन्हातले यूव्हीए किरण, जे कातडीत खोलवर जातात, ते ढगातून आणि काचेतूनसुद्धा येतात. गोव्यात एप्रिलच्या शेवटी, मेच्या सुरुवातीला सूर्य दुपारी अगदी डोक्यावर असतो आणि आपण त्याच उन्हात स्कूटर घेऊन म्हापशाच्या बाजारात जातो, हेल्मेटची काच वर करून. पटत नसेल तर दंडाची आतली बाजू बघा, वय कपाळाएवढंच पण कातडी किती मऊ असते.

अजून एक कारण कोणाच्या लक्षात येत नाही, ते म्हणजे डोळे. माझी काकी डिचोलीला असते, काजूच्या बागेत आयुष्य गेलं तिचं. मोबाईल हात लांब करून धरायची, मान मागे, भुवया वर, आणि भुवयांच्या मधे दोन उभ्या आठ्या. मी म्हटलं काकी, आधी डोळे तपासून घे गो, क्रीम मागून बघू. जवळचा नंबर निघाला. आता चष्मा लावून वाचते तेव्हा कपाळ तेवढं ताणत नाही. जुन्या रेषा आहेत तशाच आहेत, चष्म्याने त्या जात नाहीत, पण दिवसभराचं ते आवळणं थांबलं. काहींची पापणीच जड होऊन खाली येते आणि माणूस नकळत भुवयांनी ती उचलून धरतो, अशांनी बोटॉक्सच्या (स्नायू काही महिने ढिला करणारं इंजेक्शन) आधी डोळ्यांच्या डॉक्टरला दाखवावंच, कारण कपाळाचा स्नायू ढिला केला तर डोळे आणखी मिटल्यासारखे दिसतात.

उपायात पहिलं सनस्क्रीन. ऑस्ट्रेलियातल्या एका मोठ्या अभ्यासात (2013) रोज लावणाऱ्यांची कातडी साडेचार वर्षांत नजरेत येण्याइतकी म्हातारी झाली नव्हती. एसपीएफ (उन्हाने भाजण्यापासून बचावाचा आकडा) 30 किंवा जास्त, पीए (म्हणजे यूव्हीएपासूनही बचाव) लिहिलेलं, आणि आपल्या घामाच्या हवेत जेलवालं बरं पडतं. बाहेर असलात तर दोन तासांनी परत लावायचं.

रात्री रेटिनॉल किंवा डॉक्टरने दिलेलं ट्रेटिनॉईन (दोन्ही अ जीवनसत्त्वाच्या जातीची क्रीम), वाटाण्याएवढं, सुरुवातीला एक दिवस आड, कारण कातडी सोलते आणि लाल होते. फरक दिसायला महिने लागतात. दिवस गेले असतील किंवा तसा विचार असेल तर अजिबात नको. खोबरेलाने कातडी मऊ राहते म्हणून रेषा जरा कमी दिसतात, तेवढंच. लिंबू चोळून उन्हात मात्र जाऊ नका, फोड येतात आणि काळे डाग राहतात.

हालचालीच्या रेषांवर सगळ्यात जास्त चालतं ते बोटॉक्स. पूर्ण परिणाम साधारण दोन आठवड्यांत, टिकतं तीन-चार महिने, मग परत खर्च. खोल बसलेली रेषा त्याने मऊ होते, पुसली जाईलच असं नाही. भुवयांच्या मधे फिलर (रेषेखालची जागा भरणारं जेलचं इंजेक्शन) भरायला कोणी स्वस्तात बोलावलं तर जाऊ नका, तिथे ते रक्तवाहिनीत गेलं तर दृष्टी जाऊ शकते. सुई टोचून घ्यायचीच असेल तर त्वचारोगतज्ज्ञाकडेच, पार्लरच्या खुर्चीत नाही.