डोळे झाकलेली मलेनिया

अॅनिमेचा, म्हणजे जपानी कार्टूनच्या शैलीचा, सगळा खेळ डोळ्यांवर चालतो. बुबुळ वरून गडद, खाली उजळ, त्यात दोन पांढरे ठिपके, वरच्या पापणीची जाड रेघ. एवढं जमलं की नाक टिंबावर भागतं आणि ओठ एका रेघेत. राग, रडू, लाज सगळं डोळ्यांतूनच दिसतं. आणि माझ्याकडे चित्र काढायचं काम आलं मलेनियाचं, एका व्हिडिओ गेममधल्या लढवय्या बाईचं, जिच्या डोळ्यांवर शिरस्त्राण आहे.

ज्यांना गेमचा नाद नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ‘एल्डन रिंग’ हा फ्रॉमसॉफ्टवेअर या जपानी कंपनीचा गेम, फेब्रुवारी २०२२ मध्ये आला. मलेनियाशी लढल्याशिवायही तो संपवता येतो, तरी लोक मुद्दाम तिला शोधत जातात आणि मार खातात. तिचा वार बसला की तिचीच जखम भरून येते. ढालीवर अडवला तरी भरते. बरं, एकदा हरवली तरी पंख फुटून पुन्हा उठते. लाल केस, शिरस्त्राणाला पंख आणि उजवा हात सोन्यासारखा, कृत्रिम. तलवार त्या हातातच बसवलेली.

काम देणारा पोरगा कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या एमआयडीसीत सीएनसी मशीन, म्हणजे धातू कापायचं संगणकी यंत्र, चालवतो. रात्रपाळी नसेल तेव्हा गेम. मलेनियाला हरवल्याच्या आनंदात त्याला खोलीत लावायला चित्र हवं होतं. फोनवर म्हणाला, “ताई, गेममधलं पोस्टर नको, ते नेटवर ढिगानं हाय. तुमच्या हातची पायजे. अॅनिमे. पर वळखू आली पायजे.” आणि फोन ठेवता ठेवता, “डोळं तेवढं दाखवा हां. डोळ्याबिगर कसली अॅनिमे?”

तो अगदीच चुकीचं बोलत नव्हता. १९६३ पासून जपानी टीव्हीवर दर आठवड्याला मालिका येऊ लागल्या तेव्हा प्रत्येक चित्र हातानं काढावं लागे. सेकंदाला २४ चौकटी, पण एकच चित्र तीन चौकटी धरून ठेवायचं, म्हणजे चित्रं आठच. तीही हजारो काढायची, त्यामुळे रेघा कमी. कमी रेघांत भाव बसवायचा तर तो डोळ्यांत बसवणं सगळ्यात सोपं. पण मलेनियाचं शिरस्त्राण काढलं की उरते कुठलीही लाल केसांची पोरगी. अशी पात्रं काढताना मी आकृती पूर्ण काळी भरून बघते. नुसत्या सावलीत पात्र ओळखू आलं पाहिजे. शिरस्त्राणाचे पंख, केस आणि तो हात, या तीन गोष्टी हलवायच्या नाहीत हे मी ठरवून टाकलं. बाकी चिलखत, कापड, उभं राहणं माझं.

आता हे ‘माझं’ म्हणजे काय? भाऊ म्हणाला, नऊवारी नेसव, फेटा बांध, पायात कोल्हापुरी घाल, लई भारी दिसेल. दिसेलही. पण फेटा चढवला की कुठलंही पात्र मराठी झालं, ही युक्ती आता गणपतीच्या बॅनरवरसुद्धा जुनी झाली. तिच्या अंगावर काय घालायचं यापेक्षा ते अंग कसं उभं राहील, हे मला सापडत नव्हतं. हाताच्या जागी धातू, त्यालाच पातं जोडलेलं. असा हात धरून माणूस उभा तरी कसा राहतो?

शिवजयंती तोंडावर आली होती. संध्याकाळी कागद आणायला बाहेर पडले तर पेठेतल्या तालमीच्या पटांगणात मर्दानी खेळाचा सराव रंगलेला. लाठी, दोरी बांधलेला विटा, भाले. कडेला आठवी-नववीतली एक पोरगी दांडपट्ट्याच्या पट्ट्यात हात घालत होती. लहानपणापासून शेकडो वेळा पाहिलेली गोष्ट, पण त्या दिवशी मी तिथंच थांबले. पट्ट्याला तलवारीसारखी मूठ बाहेर नसते. हात लोखंडी खोबळ्यात कोपराजवळपर्यंत आत जातो, आतल्या आडव्या दांडीवर मूठ आवळायची आणि पुढे लांब लवलवतं पातं. मनगट वळतच नाही. हात आणि पातं एकच.

म्हणजे मलेनियाचा हात माझ्यासमोर होता.

वस्ताद तिच्यावर ओरडत होते, “मनगाट इसर! मनगाट न्हाईच असं समज. कमरंतनं येऊ दे, कमरंतनं!” मग त्यांनी तिच्या डोळ्यांवर फडकं बांधलं आणि जमिनीवर लिंबू ठेवलं. तिनं आधी अनवाणी पायाच्या अंगठ्यानं लिंबू चाचपलं, मग मोजून मागे सरकली आणि पवित्र्यात उभी राहिली. मी वही काढली. हनुवटी छातीकडे आलेली, पण मान किंचित डावीकडे कललेली, कान लावल्यासारखी. ओठ जरासे उघडे. डावा हात तोल सांभाळायला लांब. पायाची बोटं मातीत रुतलेली. डोळे झाकले होते आणि तरी बाकीचं सगळं अंग लिंबाकडे लागलं होतं. पातं सपकन आलं, लिंबाच्या दोन फोडी झाल्या. पोरं ओरडली. तिनं फडकं काढून आधी फोडी सारख्या झाल्यात का ते बघितलं.

“काय लिवतीस गं पोरी?” वस्ताद जवळ आले. मी मोबाइलवर मलेनिया दाखवली.

“हात कुणी तोडला हिचा?”

“रोगानं गेला, वस्ताद. अंग सडायचा रोग.”

“आन् मग ह्यो बशिवला? पट्टाच की ह्यो.” त्यांनी चित्र बोटांनी मोठं केलं. “वजन हाय का न्हाई ह्येला? खांदा खाली पायजे हिचा.” एवढं बोलून ते थांबले नाहीत. तिथल्या तिथं माझ्या हातात पट्टा चढवला. हात सरळ धरायला गेले तर उजवा खांदा आपोआप उतरला, डावी कंबर बाहेर आली, मान उलट बाजूला गेली. आरशात न बघता कळत होतं की ही पोझ आहे. लाइफ स्केचिंगच्या तासाला मॉडेलकडे तासन् तास बघूनही वजन असं कळत नाही.

रात्री टॅब्लेटवर बसले. खांद्याची रेघ तिरकी, कंबरेची तिच्या उलट. हनुवटी, कललेली मान, उघडे ओठ त्या पोरीचे. शिरस्त्राणाची सावली नाकावरून वरच्या ओठापर्यंत कडक कडेनं कापून आणली, काळी नाही, जांभळट, खालचा रंग गडद करणाऱ्या मल्टिप्लाय लेयरवर. अॅनिमेत सावली अशी कापलेलीच असते, तिला विरघळू द्यायचं नाही. केस मात्र वाऱ्यावर सोडले नाहीत. वाराच्या आधीचा क्षण आहे, तर केस लोंबतेच हवेत. सोनेरी धातूवर थोडा लाल रंग सांडला, केसांचं प्रतिबिंब म्हणून. लोखंडी खोबळ्याचा गोलावा कोपराच्या चिलखतात आला. बाकी कोल्हापूर कुठं दिसणार नाही.

पोरगा पाळी संपवून तसाच बघायला आला, हाताला मशीनच्या कूलंटचा वास. स्क्रीनसमोर बराच वेळ गप्प. मी डोळ्यांवरून वाद घालायच्या तयारीत बसलेली.

“ताई, ह्यो कोपराचा सांधा फिरणार कसा? पिन कुठं हाय?”

त्यानं खिशातून एक चिट्ठी काढली, मागच्या बाजूला पेननं दोन कान आणि मधली पिन काढून दाखवली. वर म्हणाला, घासतंय तिथं सोनं उडालेलं दाखवा, आतला स्टील दिसू दे. सूचना झकास होती. त्याच्यासमोरच सांधा बसवला, कडा घासून पांढऱ्या केल्या. डोळ्यांचा विषय निघालाच नाही.

टी-शर्ट छापू का विचारत होता, त्याला नाही म्हटलं. पात्र कंपनीचं आहे, हौसेनं घरात लावणं वेगळं आणि विकणं वेगळं. ते त्याला पटलं. पैसे देताना म्हणाला, पुढच्या पगाराला राडान. त्याच गेममधला तो डोंगराएवढा सरदार, त्याच्या मरतुकड्या घोड्यासकट.

घोड्याचा रेट वेगळा पडेल म्हणून सांगितलंय.