पेठ, विद्यापीठ आणि डेट्रॉइट

"मामा, पिशवी गाडीतच ठेव. स्टेडियममध्ये कुठलीच बॅग नेऊ देत नाहीत," भाचा म्हणाला. पिशवीत ताईनं पहाटे उठून केलेले धपाटे होते. मग ते तिथंच, पार्किंगमध्ये, शेजारच्या गाड्यांत वाटले. आमच्या डाव्या हाताला पांढऱ्या मिशांचे एक आजोबा डिकी उघडून शेगडीवर सॉसेज भाजत होते. त्यांनी दोन धपाटे मागून घेतले आणि बदल्यात आमच्या हातात भाजलेली कणसं ठेवली.

तारीख २१ सप्टेंबर २०२४, शनिवार. गाव अ‍ॅन आर्बर, राज्य मिशिगन. पार्किंग म्हणजे मिशिगन विद्यापीठाचं गोल्फचं मैदान. सामन्याच्या दिवशी त्या हिरवळीवर हजारो गाड्या लागतात आणि माणसं सकाळपासून खुर्च्या मांडून बसतात. सामना होता साडेतीनला, कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉलचा. आम्ही अकरालाच पोहोचलो होतो आणि तरीही उशीर झाला असं भाच्याचं म्हणणं होतं.

या प्रवासाला आता बरेच महिने झाले. लिहायला बसलो, कारण मधल्या काळात अमेरिकेतल्या कॉलेजच्या खेळांत खूप उलथापालथ झाली, आणि भाच्याशी फोनवर वाद घालता घालता माझं मत पक्कं होत गेलं.

आधी माझ्याबद्दल सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. मी कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतला. म्हणजे फुटबॉलमध्ये, आपल्या पायानं खेळायच्या, पाटाकडील तालमीच्या संघाचा. हे मी ठरवलेलं नाही. त्या पेठेत जन्मलो एवढंच. शिवाजी पेठेत जन्मलो असतो तर खंडोबा किंवा शिवाजी तरुण मंडळासाठी घसा फोडला असता. शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर उन्हात बसून बघितलेला सामना हाच माझ्यासाठी खेळ. बाकीचं टीव्हीवर दिसतं. त्यामुळं "आमच्या कॉलेजची मॅच बघायला चल" असं भाचा म्हणाला, तेव्हा मनात पहिला प्रश्न आला की कॉलेजची मॅच बघायला कोण येतं? आपल्याकडं विद्यापीठांच्या क्रिकेटसाठी रोहिंटन बारिया करंडक आहे. सुनील गावसकर मुंबई विद्यापीठाकडून त्यात खेळले. आज त्याचा सामना कुठल्या मैदानावर चाललाय हे खेळाडूंच्या आईवडिलांशिवाय कुणाला माहीत असतं?

मिशिगन स्टेडियम बाहेरून फार उंच दिसत नाही. दारातून आत गेलो आणि पाय थबकले. समोर चढणाऱ्या पायऱ्या नव्हत्या, सगळं मैदान पायाखाली खोल पसरलं होतं. १९२७ साली जमिनीत खोदून बांधलेली ही प्रचंड परात. बघताक्षणी आठवलं ते आमचं खासबाग. राजर्षी शाहू महाराजांचं ते कुस्तीचं मैदान असंच खोलगट आहे. कुठंही बसा, मधला आखाडा दिसतो. फक्त इथं आसनं १,०७,६०१. नोव्हेंबर १९७५ पासून इथल्या एकाही सामन्याला लाखाच्या खाली गर्दी उतरलेली नाही. अपवाद फक्त करोनाच्या वर्षाचा. त्या दिवशी तर एक लाख दहा हजारांच्या वर माणसं होती. सगळी मक्याच्या दाण्यासारख्या पिवळ्या रंगात. माझ्या अंगावरही भाच्याचा पिवळा टीशर्ट होता, पोटावर जरा ताणलेला.

मग बँड आला. चारेकशे मुलंमुली, पळत पळत रांगा धरणारी. त्यांचा म्होरक्या मैदानाच्या मधोमध थांबतो आणि पाठीमागे इतका वाकतो की टोपीचा तुरा गवताला टेकतो. टेकला की सगळं स्टेडियम ओरडतं. त्यानंतर विजयगीत सुरू झालं, १८९८ मध्ये इथल्याच एका विद्यार्थ्यानं रचलेलं. पिवळे हजारो हात एका ठेक्यात वर जायला लागले. माझ्या पुढच्या रांगेत ऐंशीच्या घरातल्या एक बाई होत्या आणि त्यांच्या मांडीवर चारेक वर्षांची मुलगी. दोघींचे हात एकाच वेळी वर जात होते. मला पुरुषोत्तम करंडकाच्या वेळचं पुण्याचं भरत नाट्य मंदिर आठवलं. मी तिथं एकदाच गेलोय, पण "अरे आवाज कुणाचा!" ही आरोळी आणि त्यावर कॉलेजचं नाव घेऊन दिलेलं उत्तर कानात बसलंय. ही गर्जना त्याच जातीची. फरक एवढाच की आपल्याकडं कॉलेज सुटलं की आवाज बसतो. इथं त्या आजीबाईंचा साठ वर्षं बसलेला नव्हता.

खेळ समजायला सोपा आहे. चेंडू तुमच्याकडं असताना चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढं सरकायचं; सरकलात तर आणखी चार प्रयत्न, नाहीतर चेंडू समोरच्याला. मी समजून घेतलं ते कबड्डीच्या भाषेत. एकेक इंच अंगानं रेटून मिळवायचा, आणि समोरच्यांनी साखळी करून अडवायचं. प्रतिस्पर्ध्यांचा प्रयत्न निर्णायक टप्प्यावर आला की सगळे खिशातून किल्ल्यांचे जुडगे काढून खुळखुळवतात. लाखभर जुडग्यांचा तो आवाज पत्र्यावर वळीव कोसळावा तसा.

समोर होतं सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठ, लॉस एंजलिसचं. अर्ध्या वेळेला मिशिगन १४-३ पुढं. मग पाहुणे सावरले आणि शेवटची सात मिनिटं राहिली असताना २४-२० असे पुढं गेले. मिशिगनचा फेकीचा खेळ त्या दिवशी अजिबात चालत नव्हता. अख्ख्या सामन्यात फेकीतून मिळाले फक्त ३२ यार्ड. चारेक मिनिटं उरली, समोर ८९ यार्ड. आणि केलेल मलिंग्ज नावाचा पोरगा, जो आधी बचावफळीत खेळायचा, चेंडू छातीशी धरून गर्दीत घुसला, पकडला गेला असं वाटलं, निसटला आणि ६३ यार्ड धावत गेला. तरी काम संपलं नव्हतं. शेवटी गोलरेषेपासून एक यार्डावर चौथा प्रयत्न. ३७ सेकंद बाकी असताना मलिंग्ज आत. २७-२४. माझ्या शेजारच्या अनोळखी माणसानं मला उचललं. माझं वजन ब्याऐंशी किलो आहे.

गाडीकडं परतताना धपाटेवाले आजोबा भेटले. डोळे ओले होते. सामना कसा झाला यावर चार वाक्यं बोलले आणि मग म्हणाले, "पण लॉस एंजलिस? ते आमचे कोण?"

तो प्रश्न मी कोल्हापूरला घेऊन आलो. कॅलिफोर्नियाची ही मंडळी मिशिगनच्या गटात, म्हणजे आपसात सामने खेळणाऱ्या विद्यापीठांच्या कंपूत, आली ती त्याच वर्षी. 'बिग टेन' या गटाच्या नावात दहा आहेत आणि २०२४ पासून विद्यापीठं अठरा. पॅसिफिक किनाऱ्याची चार विद्यापीठं टीव्हीच्या पैशासाठी आपला जुना गट सोडून इथं आली. तो जुना गट १९१५ पासूनचा. शेवटी त्यात ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट ही दोनच विद्यापीठं मागं उरली. फुटबॉलचा संघ सामन्यापुरता विमानानं येतो आणि जातो. पण व्हॉलीबॉल, सॉफ्टबॉल खेळणाऱ्या मुलींनाही आता गटातल्या सामन्यांसाठी अर्धा खंड ओलांडावा लागतो, आणि सोमवारी वर्ग असतोच. त्या मुलींतल्या बहुतेक पुढं खेळावर पोट भरणार नाहीत. फुटबॉलच्या मुलांतसुद्धा व्यावसायिक संघापर्यंत पोहोचणारे शंभरात दोनही नसतात.

ताईच्या घरी मात्र वाद वेगळाच चालायचा. तिच्या मित्रमंडळींना राग होता तो खेळाडूंना मिळणाऱ्या पैशांचा. जुलै २०२१ पासून कॉलेजच्या खेळाडूंना आपल्या नावावर, चेहऱ्यावर जाहिराती घेता येतात. जून २०२५ मध्ये न्यायालयानं मंजूर केलेल्या तडजोडीनंतर विद्यापीठं स्वतःच खेळाडूंना पैसे देऊ लागली. पहिल्या वर्षाची मर्यादा विद्यापीठामागं दोन कोटी डॉलरच्या थोडी वर. "आता कॉलेज कसलं, धंदाच झाला," असं सगळे म्हणतात. मला हे पटत नाही. लाखभर माणसं तिकीट काढून ज्याला बघायला येतात, ज्याचे गुडघे विसाव्या वर्षी निकामी होऊ शकतात, त्याला पैसे का नकोत? प्रशिक्षकाला कोट्यवधी मिळत होतेच की. कोल्हापुरात नायजेरिया-घानाचे खेळाडू तालमींकडून खेळायला लागले, तेव्हा आमच्या कट्ट्यावरचे म्हातारेही असेच बोलायचे. त्याच पोरांना पुढं पेठेतल्या घराघरांतून जेवणाचे डबे गेले. पैसे घेऊन आलेला माणूस परका राहतोच असं नाही.

मला बोचतं ते शेजार तुटणं. मिशिगनचं खरं वैर ओहायोशी. १८३५ मध्ये हे दोन शेजारी प्रदेश टोलेडो नावाच्या गावच्या पट्ट्यासाठी एकमेकांवर सशस्त्र माणसं घेऊन धावले होते. १८९७ पासून दोन्ही विद्यापीठं फुटबॉल खेळतायत. मंगळवार पेठ आणि शिवाजी पेठ जशा एकमेकींना लागून आहेत तसं हे. आदल्या दिवशी ज्याच्याकडून दूध घेतलं त्याच्याशीच दुसऱ्या दिवशी पायऱ्यांवर भांडायचं. ओहायोचा सामना अजून शाबूत आहे. पण पश्चिमेकडं असे कितीतरी शेजार एका टीव्ही करारानं विस्कटले, आणि ते करार करणाऱ्यांना पायऱ्यांवर कोण बसतं ते ठाऊकच नसावं.

दाजींची निष्ठा वेगळीकडं. ते १९९८ मध्ये गाड्यांच्या कारखान्यात इंजिनियर म्हणून डेट्रॉइटला आले आणि व्यावसायिक लीगमधल्या डेट्रॉइट लायन्सचे झाले. पहिल्या वर्षी बॅरी सँडर्सला धावताना बघितलं. पुढच्या उन्हाळ्यात सँडर्स निवृत्त. २००८ मध्ये संघ सोळापैकी सोळा सामने हरला. दाजींनी घराबाहेरचा झेंडा उतरवला नाही. शहराचंही तसंच चाललं होतं. १९५० मध्ये साडेअठरा लाख वस्ती, आता साडेसहा लाखांच्या आत. २०१३ मध्ये महापालिकेनं दिवाळखोरी जाहीर केली. १४ जानेवारी २०२४ ला लायन्सनी बत्तीस वर्षांनी बाद फेरीतला सामना जिंकला. आमच्याकडं सोमवारची सकाळ होती. साडेनऊला दाजींचा फोन आला आणि त्यांना बोलताच येईना. ताईनं फोन घेऊन सांगितलं, "काळजी करू नकोस, जिंकलेत."

३० सप्टेंबरच्या सोमवारी रात्री दाजी मला फोर्ड फील्डवर घेऊन गेले. छप्पर असलेलं, पासष्ट हजारांचं स्टेडियम. अ‍ॅन आर्बरपेक्षा सगळंच गुळगुळीत, आणि खेळ थांबला की मोठ्या पडद्यावर काहीतरी विकलं जात असतं. ते मला आवडलं नाही. पण माणसं! कारखान्याची पाळी संपवून तसेच आलेले बाप, खांद्यावर पोरं. त्यांचा हिरो जॅरेड गॉफ हा कॅलिफोर्नियाचा. २०२१ मध्ये लॉस एंजलिसच्या रॅम्स संघानं त्याला इकडं देऊन डेट्रॉइटचा खेळाडू घेतला आणि त्याच हंगामात ते विजेते झाले. टाकून दिलेला म्हणून आलेला माणूस. जानेवारीतला तो सामना लायन्सनी जिंकला तो नेमका याच रॅम्सविरुद्ध. मी बघितलेल्या रात्री सिएटलसमोर गॉफनं अठरा वेळा चेंडू फेकला आणि अठराच्या अठरा वेळा तो आपल्याच माणसाच्या हातात पडला. इतक्या फेकी करून एकही न चुकवणं त्या लीगमध्ये कधीच कुणाला जमलं नव्हतं. वर एकदा स्वतःच चेंडू झेलून त्यानं टचडाऊनही केला, म्हणजे चेंडू गोलरेषेपलीकडं नेला. ४२-२९. स्टेडियमच्या जिन्यांवर, लघवीच्या रांगेत, बाहेर रस्त्यावर एकच घोष, "जॅ-रेड गॉफ!"

व्यावसायिक लीग कॉलेजपेक्षा न्यायी आहे, हे मला त्या दोन आठवड्यांत उमगलं. बत्तीस संघ राष्ट्रीय टीव्हीचा पैसा सारखा वाटून घेतात, पगारावर सगळ्यांना एकच मर्यादा, आणि जो तळाशी राहील त्याला नव्या खेळाडूंतून पहिली निवड. कॉलेजमध्ये श्रीमंत विद्यापीठ श्रीमंतच राहतं. पण व्यावसायिक संघाला मालक असतो आणि मालक संघ उचलून नेऊ शकतो. सॅन डिएगोचा संघ २०१७ मध्ये लॉस एंजलिसला गेला, ओकलंडचा २०२० मध्ये लास व्हेगासला. ओकलंडमध्ये माझ्यासारखाच कुणीतरी पायऱ्यांवर बसून मोठा झाला असेल. सोमवारी तो काय करत असेल, हा विचार मला फोर्ड फील्डमध्येही सोडेना. एकट्या ग्रीन बे या लाखभर वस्तीच्या गावाचा संघ लोकांच्या मालकीचा आहे, पाच लाखांवर भागधारक, म्हणून तो कुठं जात नाही. मला विचाराल तर प्रत्येक संघाला हीच अट घालावी. खेळाडूला हवं तिथं जाऊ द्या, हवे तेवढे पैसे द्या. संघ मात्र गावातून हलता कामा नये.

दाजींना हे गाडीत सांगितलं. ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "लायन्स हलले असते ना, तर मीपण कोल्हापूरला परत आलो असतो."

जानेवारीत आमच्याकडं हंगाम रंगात होता. एका दुपारी चारला मी शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसलेलो, शेंगा सोलत. खिशात फोन वाजला. भाचा. मिशिगनमध्ये तेव्हा पहाटेचे साडेपाच, बाहेर बर्फ, खोलीत अंधार, आणि पडद्यावर त्याचं झोपाळू तोंड.

"मामा, फोन जरा मैदानाकडं फिरव ना. कोण पुढं आहे?"