मोंतेवेर्दे: ढगातलं खासगी जंगल

आजचा दिवस कोस्टा रिकातल्या मोंतेवेर्देच्या ढगात गेला. हे जंगल सरकारी नाही. 1951 साली अमेरिकेतून आलेल्या क्वेकर या शांततावादी ख्रिस्ती पंथाच्या कुटुंबांनी पाण्याचे उगम टिकावेत म्हणून वरचा डोंगर तोडला नाही. 1972 मध्ये तिथे खासगी राखीव वन झालं. पाऊस इथे आडवा येतो: कॅरिबियनकडचा वारा ढग झाडांवर आणतो, पानं आणि शेवाळ त्यातलं पाणी धरतात. छत्री बिनकामाची, रेनकोटच हवा. पायवाटांवर गर्दीला मर्यादा आहे, आणि ती हवीच. माणसं वाढली की चिखल होतो, लोक कडेने चालतात, वाट रुंदावते, मुळं उघडी पडतात. क्वेट्झाल हा हिरवा, लांब शेपटीचा पक्षी पाहायचा तर फेब्रुवारीनंतर, भल्या सकाळी, रानटी अवोकाडोच्या झाडांजवळ. जंगलाच्या खर्चाची सगळी भिस्त तिकिटांवर ठेवणं मात्र जोखमीचं; कोविडात पर्यटक थांबले आणि उत्पन्न आटलं.