टांझानियात शिकवायला गेले आणि नावावर अडले

लग्नानंतर नाव बदललेल्या ज्या बायका टांझानियात शिकवायला निघाल्यात, त्यांनी बाकी काही वाचलं नाही तरी चालेल, पण राजपत्राची, म्हणजे नावबदल छापलेल्या सरकारी गॅझेटची, मूळ प्रत बॅगेत टाका. झेरॉक्स नको, मोबाईलमधला फोटो नको, मूळ प्रतच. या एका कागदापायी माझे दहा आठवडे गेले. आजही आठवलं की डोकं तापतं.

मी साताऱ्याकडची. ३१ वर्षं प्राथमिक शिक्षिका होते. निवृत्तीनंतर एका संस्थेमार्फत स्वयंसेवक म्हणून मोरोगोरोजवळच्या प्राथमिक शाळेत गेले. तिथलं शाळेचं वर्ष जानेवारीत सुरू होतं, म्हणून जानेवारीतच पोचले. घर मिळालं, शाळा आवडली, उलुगुरूचे हिरवे डोंगर बघून घरची आठवणही सुसह्य झाली. राहिला होता फक्त परवाना. स्वयंसेवकांना तिथे 'सी' वर्गाचा निवास परवाना लागतो. पासपोर्ट, संस्थेचं पत्र, शैक्षणिक प्रमाणपत्रं, सगळं फाईलला लावून मी कचेरीत गेले.

खिडकीतल्या तरुणाने माझं डी.एड.चं प्रमाणपत्र आणि पासपोर्ट शेजारी शेजारी ठेवले. प्रमाणपत्रावर आपल्याकडच्या पद्धतीने आधी माहेरचं आडनाव, मग माझं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर माझं नाव, नवऱ्याचं नाव, सासरचं आडनाव. तीन शब्दांतला एकच जुळत होता, आणि तोही वेगळ्या जागी.

"वडिलांचं नाव इथे एक आणि तिथे दुसरं कसं?" त्याने विचारलं.

"ते वडिलांचं नाही, नवऱ्याचं नाव आहे."

"नवऱ्याचं नाव तुमच्या नावात कशाला?"

त्याचा प्रश्न रास्त होता. तिथे साधारणपणे स्वतःचं, वडिलांचं आणि आजोबांचं असं तीन शब्दांचं नाव असतं, आणि लग्न झालं तरी बाईचं नाव तेच राहतं. मधलं नाव बदललं म्हणजे बाप बदलला, असाच अर्थ त्याला लागणार. माझा राग त्या प्रश्नावर नव्हताच. कोणता कागद आणला म्हणजे समाधान होईल, हे एकदाही कुणी नीट सांगितलं नाही, याचा राग आहे.

आधी म्हणाले, लग्नाचा दाखला आणा. झेरॉक्स होती, ती दिली. ती मराठीत आहे, इंग्रजी भाषांतर हवं. ते करून घेतलं. मग म्हणाले, यावरून लग्न झालेलं कळतं, नाव बदललेलं कळत नाही. मग दार-एस-सलामला जाऊन आपल्या उच्चायुक्तालयात प्रतिज्ञापत्र केलं, की ही दोन्ही नावं एकाच बाईची. ते काम एका दिवसात झालं. कागद घेऊन परत आले तर उत्तर मिळालं, हे तुम्हीच तुमच्याबद्दल लिहून दिलंय, सरकारने छापलेलं काही आहे का? चारही गोष्टी पहिल्याच दिवशी एका चिठ्ठीवर लिहून दिल्या असत्या तर? शाळेतल्या पालकांनासुद्धा आम्ही दाखल्यांची यादी फळ्यावर लिहून देत होतो.

मधे एक चूक माझीही झाली, ती तुमची होऊ नये. 'सा तातू'ला या म्हणाले. 'तातू' म्हणजे तीन, म्हणून मी दुपारी तीनला गेले, तर खिडकी बंद. स्वाहिलीत तास सूर्योदयापासून मोजतात. सकाळचे सात म्हणजे एक वाजला, नऊ म्हणजे तीन. आपल्याकडे घटका सूर्योदयापासूनच मोजत, हे आठवल्यावर ते डोक्यात पक्कं बसलं. कुणी वेळ दिली की 'आसुबुही', म्हणजे सकाळी का, हे विचारून घ्या.

एप्रिलात मासिका, म्हणजे तिथला मोठा पाऊस, लागला. भिजत बसने जायचं, बाकावर बसायचं आणि 'बाडो' ऐकून परत यायचं. 'बाडो' म्हणजे 'अजून नाही'. दुसरा शब्द 'केशो', उद्या. परवान्याशिवाय मुदत संपली तर मुलांना अर्ध्यात सोडून परतावं लागेल, ही धास्ती रात्री झोपू देत नव्हती.

शेवटी राजपत्र आठवलं. सेवापुस्तकात नाव बदलून घ्यायला ते काढलं होतं. पुतण्याने ट्रंकेच्या तळातून शोधलं आणि कुरिअरने धाडलं. ते घेऊन गेले त्या दिवशी शाळेतली एक शिक्षिका सोबत आली. तिने मला आधीच बजावलं होतं की खिडकीशी जाऊन लगेच फाईल पुढे करू नका. सकाळ कशी आहे, घरचे कसे आहेत, काम कसं चाललंय, हे सगळं विचारायचं, मगच कामाचं बोलायचं. मी इतके दिवस थेट कागदच सरकवत होते. त्याने राजपत्रावर बोट फिरवत दोन्ही नावं वाचली आणि शिक्का मारला. पुढच्या फेरीत परवाना मिळाला. बाहेर येऊन मी रडले, खोटं कशाला सांगू.

नात्याचे शब्द ऐकून गोंधळू नका. तिथे 'दादा' म्हणजे बहीण, 'काका' म्हणजे भाऊ, 'मामा' म्हणजे आई. कचेरीचा पहारेकरी मला 'मामा' म्हणायचा. धाकट्यांनी 'शिकामो', म्हणजे मोठ्यांना करायचा नमस्कार, म्हटलं की 'माराहाबा' म्हणायचं, गप्प राहिलात तर पोरं हिरमुसतात. 'पेसा', 'दुका', 'चापाती', 'लाकी' हे शब्द आपलेच वाटतील. लाकी म्हणजे लाख, घरभाडं त्यातच सांगतात. रिक्षाला तिथे 'बजाजी' म्हणतात, पुण्याच्या कंपनीवरूनच.

विजेचा मीटर आधी पैसे भरून चालतो, त्याला 'लूकू' म्हणतात. मोबाईलवरून पैसे भरले की २० आकडे येतात, ते मीटरवर दाबायचे. 'म्चिचा' म्हणजे आपला माठच, लसूण घालून परता, उगालीबरोबर, म्हणजे मक्याच्या पिठाच्या घट्ट उकडीबरोबर, छान लागतो.

आणि वर्गाबद्दल एक सांगायचंच आहे. स्वाहिलीत २९ म्हणजे 'इशिरिनी ना तिसा', वीस आणि नऊ. तिथली मुलं आकडा ऐकून बिनचूक लिहितात. 'एकोणतीस' ऐकून ३९ लिहिणारी माझी दुसरीची मुलं मला रोज आठवायची. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात 'वीस नऊ' असं वाचन दिलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! मीही विरोधात बोलले होते. आता बोलणार नाही.

माझ्या ओळखीची एक शिक्षिका येत्या जानेवारीत तिकडे निघाली आहे. तिचंही नाव लग्नानंतर बदललेलं. काल फोन करून पहिलं राजपत्राचं विचारलं. काढलेलंच नाही म्हणाली. उद्या अर्ज भरायला मी तिच्याबरोबर जाते आहे.