तुम्ही विचारलंत म्हणून: प्रायश्चित्तकाळातला संकल्प दुसऱ्याच आठवड्यात का मोडतो?

प्रायश्चित्तकाळ म्हणजे इस्टरआधीचे उपासाचे चाळीस दिवस. तो सुरू होतो त्या राखेच्या बुधवारी कपाळावर राख घेतो, चाळीस दिवस दारू नाही, गोड नाही, रात्री मोबाइल नाही असं ठरवतो, आणि दुसरा आठवडा संपेपर्यंत सगळं कोसळतं. आमची श्रद्धाच कमी पडते का? हा प्रश्न दरवर्षी कोणी ना कोणी विचारतंच. मला वाटतं, श्रद्धा बहुतेकांची पुरेशी असते. मोह येण्याआधी करायची तयारी राहून गेलेली असते.

बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायातला रानातला प्रसंग या नजरेने पुन्हा वाचा. चाळीस दिवसांच्या उपासानंतर येशूला भूक लागली आणि मग परीक्षक, म्हणजे सैतान, आला. मोह माणसाची सर्वांत थकलेली वेळ निवडतो. येशूने दिलेली तिन्ही उत्तरं बायबलच्या जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकातली आहेत: 8:3, 6:16 आणि 6:13. पोटात आग पडलेली असताना त्याने नवं उत्तर शोधलं नाही, पाठ असलेलं वचन उच्चारलं. तो वादातही शिरला नाही. वादात सैतान कच्चा नाही, मंदिराच्या शिखरावर तोही 91वं स्तोत्रच ऐकवतो. ‘आज एकच, उद्यापासून नक्की’ या वाक्याशी आपण वाद घालायला बसलो की निम्मे हरलेलो असतो.

चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणारा साधू इव्हाग्रियस याने मनात येणाऱ्या आठ वाईट विचारांसाठी, म्हणजे खादाडपणा, कामवासना, लोभ, खिन्नता, राग, आळस, दिखावा आणि गर्व यांच्यासाठी, उलट उत्तर म्हणून म्हणायची शेकडो वचनं जमवली होती. आपल्याला एक पुरे. आपला नेमका मोह कोणता ते ओळखा, त्यासाठी एकच छोटं वचन निवडा, रोज सकाळी तीनदा मोठ्याने म्हणा. लांबलचक वचन ऐन वेळी आठवत नाही.

संकल्प ठरवतानाही चूक होते. ‘कमी खाईन’ हा संकल्प नव्हे, कारण तो कधी मोडला हेच कळत नाही. ‘रात्री दोन चपात्या, साडेनऊनंतर काही नाही’ हा संकल्प. जेझुइट संघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांचा एक नियम मला फार मोलाचा वाटतो: पुढच्या जेवणात किती खायचं ते आत्ताच्या जेवणानंतर, पोट भरलेलं असताना ठरवावं. आणि पानावर बसल्यावर जास्त खाण्याचा मोह झालाच, तर ठरवल्याहून थोडं कमी खावं. दोन ठरवल्या होत्या, तिसरीची इच्छा झाली, तर दीडच. मोहाने ढकलावं आणि आपण उलट्या दिशेला एक पाऊल जावं.

त्यांचीच दुसरी पद्धत वहीची. रोज दोन ओळी आखायच्या. सकाळी उठल्यावर एकाच दोषाविषयी निश्चय करायचा. दुपारी तोवर किती वेळा घसरलो ते आठवून पहिल्या ओळीवर तितके ठिपके, रात्री दुसऱ्या ओळीवर. आजची ओळ कालच्या ओळीशी ताडून पाहायची. आठवड्यात दिसू लागतं की ठिपके ठरावीक वेळीच पडतात: ऑफिसातून परतताना, किंवा घरचे झोपल्यावर. मग त्या अर्ध्या तासाची वेगळी सोय करता येते. रस्ता बदला, फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावा. काही मोहांपुढे थांबून वचनही म्हणू नये. जुन्या करारात मालक पोटीफर याच्या बायकोने मोहात पाडायला वस्त्र धरलं तेव्हा योसेफ वस्त्र तिथेच टाकून पळाला, ते शहाणपणच होतं.

जागा रिकामी ठेवली तरी घात होतो. मत्तय 12 मध्ये झाडून सजवलेल्या रिकाम्या घरात निघून गेलेला आत्मा आणखी सात जणांना घेऊन परततो. म्हणून उपास, प्रार्थना आणि दान अशी तिहेरी वीण आहे. सिगारेटचे पैसे रोज डब्यात टाका आणि कोणाला द्यायचे ते आधीच ठरवा. मोबाइलची वेळ क्रुसाच्या वाटेच्या, म्हणजे येशूच्या दुःखसहनाच्या प्रसंगांवरच्या प्रार्थनेच्या, एका स्थानाला द्या. चौदा स्थानं, चौदा रात्री.

नियमांबद्दलही विचारलं जातं. लॅटिन विधीच्या (रोमन उपासनापद्धती पाळणाऱ्या) कॅथलिकांना राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे या दोन दिवशी उपास, म्हणजे एक पूर्ण जेवण आणि दोन वेळा हलकं, दोन्ही मिळून पूर्ण जेवणाएवढं होणार नाही इतकं. वय 18 पूर्ण झाल्यापासून साठावं लागेपर्यंत. मांस वर्ज्य 14 पूर्ण झाल्यापासून. आजारी माणसाला सूट आहे, मधुमेह असलेल्याने ती निःसंकोच घ्यावी. रोज भरपूर पिणाऱ्याने मात्र दारू एकदम बंद करण्याआधी डॉक्टरांना भेटावं, अचानक थांबल्याने झटके येऊ शकतात.

मासे नियमात बसतात. पण वसईपासून गोव्यापर्यंतच्या किनाऱ्यावर शुक्रवारी मटणाऐवजी तळलेली सुरमई म्हणजे ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’. आपल्याकडे त्या दिवशी डाळ-भातच खरा उपास.

राखेच्या बुधवारपासून पवित्र शनिवारपर्यंत, म्हणजे इस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत, 46 दिवस होतात. त्यांतले सहा रविवार वगळले की चाळीस. रविवारी गोड खाल्लं तर काही बिघडत नाही. पण दारू-सिगारेटला रविवारची सुट्टी देऊ नका, सोमवारी पुन्हा पहिल्या दिवसापासून झगडावं लागतं.

आणि खाडा पडला तर? ‘आता मोडलंच आहे, तर इस्टरनंतर बघू’ हा विचार पहिल्या मोहापेक्षा घातक, कारण एका ठिपक्याचे तो तीस करतो. मन खचलेलं असताना आधीचा निश्चय बदलायचा नाही, हाही इग्नेशियस यांचाच नियम. भरपाई म्हणून दुसऱ्या दिवशी दुप्पट उपासही नको. ठिपका मांडा, पुढचं जेवण ठरल्याप्रमाणे जेवा, आणि जे झालं ते लपवू नका. लपलेल्या जागी मोह वाढतो. पापनिवेदनात फादरांना सांगा, किंवा विश्वासू माणसाला त्याच दिवशी सांगा. हा माणूस राखेच्या बुधवारीच ठरवून ठेवायचा असतो, घसरल्यावर शोधायला गेलं की लाज आडवी येते.